ड्रम्स : प्रफुल गजभिये

अमरदीपने ड्रमवरचा माइक बोटभर वर घेतला, स्क्रू आवळला आणि मागे सरून पाहिलं. ड्रमच्या मागे स्टुलावर प्रफुल बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांना ताजं तेल. फोटो काढायला आल्यासारखा.

"एवढा नटून काहून आला बे?"

"तेहतीस वर्षांनी रेकॉर्डिंग करून राहिलो. बनियानवर येऊ काय?"

दोघंही हसले. अमरदीपने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि काचेपलीकडच्या आपल्या खुर्चीत येऊन बसला.

भिलाईच्या रिसालीतल्या घराचा हा वरचा मजला म्हणजे त्याचा स्टुडिओ. इथेच तो छत्तीसगढी अल्बमची गाणी बांधायचा, जयंतीच्या आधी भीमगीतांचे गट यायचे, लग्नाच्या व्हिडिओंची गाणी व्हायची. लिहायची त्याने, चाल त्याची, वाद्यं त्याची. गाणारे मात्र दुसरे. यावेळचं गाणं प्रफुलच्या मुलीने, खुशबूने, मागितलं होतं. प्रफुल महिनाअखेरीस स्टील प्लांटमधून रिटायर होणार होता. खुशबू बँकेतून सुटल्यावर तशीच स्कूटीवर आली होती आणि उभ्याउभ्याच म्हणाली होती, "काका, पप्पांच्या फेअरवेलसाठी एक गाना बनवा ना. और ड्रम पप्पाच वाजवतील. मी सांगितलं त्यांना, तर इतके खुश झाले, मैं क्या बताऊँ."

गाणं दोन दिवसांत झालं. 'गेट उघडं हाये गड्या, ड्यूटी संपली, ये घरी.' उन्नती नावाच्या मुलीने ते गोड गायलं होतं, ठरल्या लयीत, एक मात्रा इकडची तिकडे नाही. आता फक्त ड्रम राहिले होते.

पहिल्या वेळी प्रफुल दोन ओळी नीट वाजवून गेला आणि तिसरीवर मागे पडला. हात बसायचा आहे, अमरदीपने मनाशी म्हटलं. दुसऱ्या वेळीही तेच झालं. त्याने हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीचा आवाज वाढवला. तिसऱ्या वेळी आणखी वाढवला. प्रफुल मान डोलावत होता, डोळे मिटत होता, पण त्याची मान एका लयीत चालली होती आणि टिकटिक दुसऱ्या. चौथ्या वेळी अमरदीप उठून दार उघडून आत गेला.

प्रफुलने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता आणि रुमालाने मानेवरचा घाम पुसत होता. हेडफोनमधून टिकटिक इतक्या जोरात येत होती, की दारात उभ्या अमरदीपला एकेक ठोका मोजता आला असता.

"चालू केलं का तू ते?" प्रफुलने विचारलं. "मले वाटलं बंद पडलं."

अमरदीपने त्याच्या मांडीवरचा हेडफोन उचलून घेतला.

"हो, बंदच पडलं," तो म्हणाला. प्रफुल त्याच्या ओठांकडे पाहत होता. "वायर खराब हाये. राहू दे तो हेडफोन. तू आपल्या मनानं वाजव."

मग प्रफुलने मनाने वाजवलं. खांदे पूर्वीसारखेच, डावा जरासा उचललेला. झांजेवर काडी मारल्यावर खालचा ओठ दातांत धरायची खोड तशीच. तिसऱ्या ओळीवर थाप उशिरा पडली. पुढे पुन्हा पडली. संपल्यावर तो धापा टाकत हसला.

"कसं झालं? खरं सांग."

"एक नंबर," अमरदीप म्हणाला.

जिन्यावरून उतरताना प्रफुलने एका पायरीवर थांबून कठडा धरला, मग मागे वळून न पाहताच हात वर केला आणि गेला.

ते दोघे पंचविशीच्या आसपास होते तेव्हा भिलाईत त्यांचा बँड होता. नाव 'नाइट शिफ्ट'. चौघंही प्लांटवाल्यांची पोरं. अमरदीप गायचा आणि गिटार वाजवायचा; प्रफुल ड्रमवर. गणपतीत, दुर्गापूजेत, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये ते हिंदी रॉक वाजवत. म्हातारे कानात बोटं घालून उठून जात, आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहत. ब्याण्णव साली त्यांनी एक टेप मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला पाठवली आणि चक्क बोलावणं आलं. त्याच महिन्यात प्रफुलचे वडील धोंडबा आजारपणात गेले. पाठीमागे आई, दोन बहिणी. वडिलांच्या जागी प्लांटची नोकरी मिळत होती, आणि रुजू व्हायची तारीख मुंबईच्या तारखेच्या आत होती.

"तुमी व्हा पुढे," प्रफुल म्हणाला होता. "टेपमध्ये मी हावोच ना."

दुर्ग स्टेशनवर सोडायला तोच आला होता. गिटारची पेटी त्याने स्वतः डब्यात चढवली.

मुंबईत कंपनीच्या माणसाने टेप ऐकली. गाणी आवडली, आवाज आवडला. ड्रमवाला मात्र बदलना पड़ेगा, असं तो सिगारेट विझवत म्हणाला. यावर अमरदीपने एकच प्रश्न विचारला होता : रेकॉर्डिंग कधी सुरू करायचं?

कॅसेट निघाली. थोडी चालली. कव्हरवर सगळ्यांची नावं होती, मुंबईच्या ड्रमवाल्याचंही. प्रफुलचं नव्हतं. गाणी त्यानेही बसवली होती, पण कॅसेटच्या धावपळीत नाव राहून गेलं, असं अमरदीपने पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. प्रफुलने सिविक सेंटरच्या दुकानातून दोन कॅसेटी घेतल्या, एक अमरदीपच्या आईला नेऊन दिली. आईने हे पत्रात लिहिलं होतं. प्रफुलने स्वतः त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

दुसरी कॅसेट निघालीच नाही. बँड मोडला. कंपनीने अमरदीपला सांगितलं, तू लिहितोस बरं, दुसऱ्यांसाठी लिही. तो लिहीत गेला, मग वाद्यमेळ बसवू लागला, मग दुसऱ्यांच्या आवाजाचे दोष झाकण्यात तरबेज झाला. नवं राज्य झालं, छत्तीसगढी गाण्यांचा बाजार तेजीत आला, तेव्हा तो परत आला तो हाच हुन्नर घेऊन. गाणं मात्र त्याने हळूहळू सोडलं. कधी सोडलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी प्रफुल गेल्यावर त्याने उन्नतीच्या आवाजाखाली प्रफुलची थाप लावून पाहिली. दोघांचं जमेना. थापा कापून पुढेमागे सरकवल्या, तर सगळं तुटक वाटायला लागलं. संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने प्रफुलचा ट्रॅक बंद केला आणि संगणकावर ड्रम भरले. अगदी प्रफुल वाजवायचा तसे, पंचविशीतला प्रफुल. तास-दीड तासाचं काम होतं. लोकांसमोर त्याची फजिती होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

निरोपाचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या, शाल झाली, घड्याळ झालं, डिपार्टमेंटच्या साहेबांचं भाषण झालं. मग खुशबूने माइक घेतला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : गीत-संगीत अमरदीप बोरकर, गायिका उन्नती. आणि खाली मोठ्या अक्षरांत, ड्रम्स : प्रफुल गजभिये. शिट्ट्या पडल्या. प्रफुल पहिल्या रांगेतून उठला आणि कोपऱ्यातल्या स्पीकरच्या पेटीशी जाऊन उभा राहिला. पेटीवर त्याने तळहात पालथा टेकवला होता. गाणं संपेपर्यंत त्याने तो उचलला नाही.

जेवणाच्या वेळी तो ताट घेऊन अमरदीपच्या शेजारी आला. त्याचं तोंड दिसेल असा वळून उभा राहिला.

"तिसऱ्या ओळीवर मी लेट झालो होतो," प्रफुल म्हणाला. "दोनदा."

अमरदीपने घास ताटात ठेवला.

"समजते ना बे हाताले. कान गेले माहे. हात नाई गेले."

"प्रफुल, ऐक ना..."

"चांगलं वाजवलं. कोनं? मशीननं?"

"मशीननं," अमरदीप म्हणाला.

प्रफुलने मान हलवली. भाताचे दोन-तीन घास त्याने सावकाश खाल्ले.

"तेव्हा मुंबईत तर मानूस होता," तो म्हणाला. "जाऊ दे. या खेपेले नाव तरी टाकलं तू माह्यं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, कुजकेपणाही नव्हता. पानावर काय वाढलंय ते सांगावं तसं त्याने सांगितलं. अमरदीप काही बोलणार तोच खुशबू मोबाइल उंचावत आली. "पप्पा, काका, एक फोटो! हँसिए ना!" प्रफुलने त्याच्या खांद्यावर हात टाकला. फोटोत दोघंही हसताना आले.

निघताना अमरदीपने त्याला गेटपाशी गाठलं, कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मंगळवारी ये. पुन्हा करू. तुह्या लयीत."

"पाहू," प्रफुल म्हणाला.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी अमरदीपने फोन केला. फोन संघमित्रावहिनीने उचलला.

"ते फोनवर नाई बोलत आता, भाऊजी. ऐकू येत नाई ना. बाजूलेच बसले हायेत, थांबा, विचारते." पलीकडे मोठ्याने बोलल्याचा आवाज आला, मग ती परत आली. "म्हंतात, गानं तर झालं. किती लोकं ऐकून राहिले. आता पुन्हा कायले?"

"वहिनी, माझ्यासाठी या म्हणा."

तिने आवाज खाली आणला.

"गानं ठरल्यापासून ते गादीवर काड्या मारत बसत होते, भाऊजी. ड्यूटीवर जायच्या आधी, पहाटे. मी म्हनलं, एवढं कायले करता, घरचंच तर गानं हाये. तर म्हनाले, अमरसमोर चुकायचं नाई. डोळ्यांत पानी होतं त्यायच्या, त्या रविवारी. खुशीचंच होतं ना?"

"हो, वहिनी," अमरदीप म्हणाला. "खुशीचंच."

फोन ठेवून तो स्टुडिओतल्या आपल्या खुर्चीत येऊन बसला. खाली भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मग त्याने संगणक सुरू केला. मशीनचे ड्रम आणि बाकीची वाद्यं काढून टाकली. उन्नतीचा आवाज काढला. टिकटिकही बंद केली. उरला तो प्रफुलचा शेवटचा ट्रॅक, मनाने वाजवलेला, सुरुवातीला स्टुलाची करकर, आणि "हं, वाजवू?" असा त्याचा प्रश्न.

अमरदीप आत जाऊन, हेडफोन चढवून माइकसमोर उभा राहिला. घसा खाकरला. पहिली ओळ खरखरीत आली, दुसरी सुरापासून जरा खालीच राहिली. त्याने सोडून दिलं नाही. तिसऱ्या ओळीवर प्रफुलची थाप मागे पडली. सवयीने त्याच्या ओठांवर पुढचा शब्द आला होता.

तो त्याने तोंडातच धरला आणि प्रफुलसाठी थांबला.