इरल्याखालची गिरजा

वाशिंदच्या अंगाला टॉवर उभा राहत होता तोवर गावाने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण त्याच्या माथ्यावरचे दिवे पहिल्यांदा लागले त्या संध्याकाळी माणसं आपापल्या खळ्यात येऊन उभी राहिली. गच्चीवर लोखंडी पट्ट्यांचा बाकदार सांगाडा होता आणि पट्टीपट्टीला पिवळी रोषणाई. स्टेशनजवळच्या जाहिरातीत त्याला म्हणे समुद्राची लाट म्हटलं होतं. पण गाव पडलं टॉवरच्या पाठीमागे. इकडून पाहिलं की डोक्याकडे फुगीर, पाठीवरून उतरत गेलेलं, खाली निमुळतं. भागीरथीने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये तं इरलं."

पोरांना कळेना म्हातारी काय म्हणते. बांबूच्या कामट्यांवर पानं बसवून विणलेलं, भातलावणीत डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं इरलं आता कोण वापरतं? बाया प्लॅस्टिकचे कागद पांघरतात. भागीरथीचं बोलणं एका गिरजाला कळलं असतं, आणि गिरजा त्याच टॉवरात राहायला गेली होती, अगदी वरच्या मजल्यावर.

गिरजा तिची धाकटी जाऊ. एकाच चुलीवर दोघींनी उभा जन्म काढला. दोघींचे नवरे गेले, भागीरथीची लेक सावळी मुरबाडला सासरी रमली, तरी घर भरलेलं होतं, कारण दोन म्हाताऱ्या एकमेकींना पुरत होत्या. मग गिरजाचे गुडघे धरले आणि तिचा मुलगा अनिल तिला घेऊन गेला. "हिवाळ्यापुरती जाते गो बाय," असं गिरजा म्हणाली होती. त्यानंतर दोन लावण्या होऊन गेल्या.

दिवे लागायला लागल्यापासून भागीरथीला संध्याकाळ जरा सोपी झाली. देवापाशी दिवा लावून ती ओटीवर येऊन बसे. समोर काळोख्या शेतांपलीकडे ते पिवळं इरलं उजळलं की म्हणे, "बसली गिरजा कामाला." मग दिवसभराचं सांगायचं. शेवग्याला फूल आलं. जनाच्या सुनेला मुलगी झाली. विहिरीवरचा पंप पुन्हा बिघडला. पार मध्यरात्री कधीतरी दिवे मालवत, तेव्हा ती आत जाई. "निजली," एवढंच स्वतःशी म्हणून.

पौषात एका संध्याकाळी दिवे लागलेच नाहीत. वीज गेली असेल म्हणून तिने वाट पाहिली. पण टॉवरच्या खिडक्या उजळलेल्या होत्या, माथाच तेवढा काळा. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिला जेवण जाईना. म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. दोघी दर वर्षी म्हशाला जात, पूर्वी बैलगाडीने, पुढे एसटीने. यंदा तरी गिरजा येते का, हे तिला विचारायचंच होतं. आली असती तर जत्रेनंतर चार दिवस घरी राहिली असती, आणि एकदा घरी आल्यावर तिने परत जायचं नाव कशाला काढलं असतं? हा भागीरथीचा मनातला हिशेब.

चौथ्या दिवशी सकाळीच तिने फोन लावला. पलीकडे गिरजाची सून अनिता. मागे कसला तरी गलका.

"अनिता, गिरजाला दे गो जरा."

"मोठ्या आई, आता नाही… आईंना खाली घे…"

आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना.

जीव जायची वेळ आली की माणसाला खाटेवरून उतरवून भुईवर निजवतात. 'खाली घेतलं' म्हटलं की गावात पुढचं कोणी विचारत नाही, चपला शोधायला लागतात. आणि वरचे दिवे तर तीन दिवस काळे होते.

भागीरथीने लुगडं बदललं. वृंदावनातल्या तुळशीची चार पानं खुडली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि रस्त्यावर आली. गावातला धाकलू त्याची इको गाडी भरत होता. तिचा चेहरा पाहून त्याने पुढची सीट रिकामी करून दिली.

"काय झाला काकी?"

"गिरजाला खाली घेतलाय रे."

धाकलूने वाटेत कुठे गाडी थांबवली नाही. टॉवरच्या फाटकाशी तिला उतरवून म्हणाला, "संध्याकाळच्या फेरीला येतो. त्याआधी गरज लागली तर फोन करा."

फाटकातून आत शिरली तर डाव्या हाताला हिरवळ होती. तिथे गोल करून खुर्च्या मांडलेल्या आणि खुर्च्यांवर म्हाताऱ्या. मधोमध एक तरुण बाई मोठ्याने आकडे म्हणत होती आणि सगळ्याजणी बसल्या जागी पाय पुढे ताठ करत होत्या. एकीचा पाय वर जाण्याऐवजी चप्पलच उडाली. सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसणारी, गाऊन घातलेली, पायात बूट असलेली म्हातारी गिरजा होती.

भागीरथी तिथेच उभी राहिली. गिरजा अशी खिदळताना तिने कधी पाहिली होती, हे तिला आठवेना.

"बाय?" गिरजाची नजर वळली. "तू गो? अशी एकटी?"

अनिता धावत आली. "अहो मोठ्या आई, मी सांगत होते ना, आईंना खाली घेऊन आलेय व्यायामाला. मग लिफ्टपाशी रेंज गेली."

गिरजाने जावेचा चेहरा पाहिला, मग पदराची गाठ. "काय बांधून आणलास?"

"काय नाय."

गिरजाने हात लांब करून गाठ चाचपली. वास आलाच. गिरजाला हसू फुटलं. "मला पोचवायला आलीस होय? मंग गंगा कुठंय? आणि गुलाल?"

"तुझ्या तोंडाला काय हाड," भागीरथी म्हणाली आणि पदर मागे ओढून घेतला.

वर घरात गिरजाने स्वतः चहा केला. चालताना ती लंगडत नव्हती. खिडकीतून खाली शेतं दिसत होती, गाव शोधावं लागत होतं.

"तुमचे वरचे दिवे का बंद?" भागीरथीने विचारलं.

"ते होय?" अनिता म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्यांनी अर्ज केला. खोल्यांत उजेड यायचा ना. आता कायमचे बंद. आईंनीच पुढाकार घेतला."

"डोळ्याला डोळा लागायचा नाय," गिरजा म्हणाली. "पडदा लावला तरी पिवळा उजेड भिंतीवर. तुला कसं गो ठाव, दिवे बंद झाले?"

मग भागीरथीने सांगितलं. गावातून ते इरल्यासारखं दिसतं म्हणून. लागलं की गिरजा लावणीला बसली असं वाटतं म्हणून. ती त्याच्याशी बोलते, हे मात्र तिने सांगितलं नाही.

गिरजा आधी हसली. मग हसता हसता थांबली. "एवढी वर येऊन बसले, तरी डोक्यावर इरलंच का?" तिने कप खाली ठेवला. "बरा झाला बंद केला."

"असा काय बोलतेस? लावणीला आपला किती चांगला चालायचा. मी गाणा म्हणायची, तू मागनं उचलायचीस…"

"तू गाणी म्हणायचीस बाय. तुला कंबर होती. मी मागं वाकून मोजत असायचे, अजून किती वाफे राहिले. रातीला कूस बदलता यायची नाय. तुला कधी बोलले नाय, तू थोरली." तिच्या आवाजात राग नव्हता. जुनं दुखणं सांगावं तसं ती सांगत होती.

भागीरथीला त्या लावणीतलं सगळं आठवत होतं. कोणत्या वर्षी कोणत्या शेताचा बांध फुटला, कोणत्या गाण्याला गिरजा कुठे चुकायची. गिरजाची कंबर मात्र तिला आठवेना.

तिने कपातला चहा संपवला आणि विचारलं, "म्हशाला येतेस ना?"

"नाय गो. बसवत नाय मला एवढं. आणि त्याच दिवशी आमच्या मंडळाचा सत्यनारायण हाय. मला आरती म्हणायला सांगितलीय." गिरजाने तिचा हात धरला. "तूच राह्य ना इकडं. अनिल कवाचा म्हणतो."

"कोंबड्या हायत," भागीरथी म्हणाली.

गिरजाने पुढे आग्रह केला नाही. फाटकापर्यंत पोचवायला आली तेव्हा वाटेत तीन-चार बायांनी तिला "गिरजाताई" म्हणून हाक मारली आणि तिने प्रत्येकीला उत्तर दिलं. जावेची ओळख करून दिली, "ह्या आमच्या थोरल्या बाय. ह्यांनीच मला सगळी गाणी शिकवली." त्या बायांनी हात जोडले. धाकलूची गाडी आली होती.

गाडीत बसल्यावर धाकलूने जपून विचारलं, "काकी…?"

"बरी हाय. खाली व्यायामाला नेली होती."

धाकलूने मोठा श्वास सोडला, मग हसायला लागला. "मंग आनंदाची गोष्ट हाय. तुमचा तोंड का असा?"

"ऊन लागला."

ऊन कधीच उतरलं होतं. भातसाच्या पुलावर गार वारा आला तशी धाकलूने काच वर केली. गावाचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "म्हशाला गाडी नेणार ना?"

"दर वर्षी नेतो. तुमच्या दोन सीटा ठेवू?"

"एक ठेव," भागीरथी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून हळूच उतरली.