एकच गेट

पनवेलजवळच्या कोन गावच्या दहा-बारा कुटुंबांनी आपापली भातशेती एकत्र करून तिथं वसाहत उभारायचं ठरवलं, तेव्हा आराखडा कुणी करायचा यावर वाद झालाच नाही. रंजिता गावचीच. पुण्याला नगररचना शिकून आलेली आणि पुढाकार घेणाऱ्या जगनकाकांची सख्खी पुतणी. "घरची पोर हाय, बाहेरचा मानूस कशाला?" म्हणून काकांनी विषय मिटवला होता.

तीच घरची पोर आता त्यांना डोईजड झाली होती.

बिल्डरला सगळीकडे मोठेच फ्लॅट हवे होते. विमानतळामुळे पनवेलमध्ये मोठ्या घरांची चलती आहे, हे त्याचा माणूस अवधूत हसतमुखाने पटवून देई. रंजिताने मात्र प्रत्येक इमारतीत तीन तऱ्हेची घरं आखली होती. एक खोली-स्वयंपाकघराची, मधली आणि मोठी. शिवाय काही घरं विकायचीच नाहीत, सगळ्या कुटुंबांनी मिळून ती भाड्याने द्यायची.

काका उखडले. "चाळ बांधायला नाय दिली मी शेती."

"काका, पळस्प्याच्या गोदामांत राबणारी माणसं राहणार कुठं? तुमच्या नातीच्या शाळेतल्या बाई रोज कर्जतहून येतात. जवळ परवडेल असं घर मिळत नाही, म्हणून नोकरी सोडायला निघाल्यात. नुसती मोठी घरं बांधली तर त्यातली निम्मी घरं लोक घेऊन ठेवतील आणि कुलूप लावून जातील. मग गाव उरेल कुठं?"

"गावाचं आमी बघू. तू नकाशा कर."

रंजिता गप्प बसली नाही. ती घरोघर गेली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, तुमच्यातलं कोण कसल्या घरात राहणार? काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. वेणूआत्याने मात्र तिला जवळ बसवून घेतलं. नवरा गेल्यापासून ती भावाच्या, म्हणजे जगनकाकांच्या घरी राहत होती, आणि तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"एक खोली, एक चूल," ती म्हणाली. "पन दारावर नाव माजं."

देवळाच्या मंडपात बैठक बसली. अवधूत नवा नकाशा घेऊनच आला होता.

"ताईंचा शब्द आम्ही मोडलेला नाही," तो म्हणाला. "छोटी घरं आहेत. सगळी या मागच्या इमारतीत, एक्सप्रेसवेच्या बाजूला. त्यांचं गेट वेगळं, मध्ये भिंत. म्हणजे पुढच्या लोकांना त्रास नको."

मंडपातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. महिनोन् महिने भांडून थकलेल्या रंजितालाही क्षणभर वाटलं, घ्यावं पदरात. निदान घरं तरी होतील. मग तिची नजर बायकांच्या रांगेत बसलेल्या आत्याकडे गेली आणि ती उठली.

"हे मला मान्य नाही. काका, आत्याचं घर या भिंतीपलीकडं येतं."

काकांनी चमकून बहिणीकडे पाहिलं. "वेने, तू येगली ऱ्हानार?"

"ऱ्हानार," आत्या म्हणाली. "पन जगन, तुज्याकडं जेवायला यायचं तं मी हायवेनं वळसा घालून येऊ?"

काकांनी नकाशा स्वतःकडे ओढला आणि त्या भिंतीवर बोट ठेवलं.

"भिंत नाय," ते म्हणाले. "गेट एकच."

अवधूतचं हसू मावळलं. एका गेटात मोठे फ्लॅट खपणार नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात बिल्डरने अंग काढून घेतलं.

मग जमीन तशीच पडून राहिली. शेतीही नाही, घरंही नाहीत. लोक रंजिताला तोंडावर बोलू लागले. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. बोलले नाहीत ते फक्त काका. उलट ती नकाशाची गुंडाळी घेऊन खांदा कॉलनीतली बिल्डरांची ऑफिसं पालथी घालू लागली, तेव्हा ते स्वतः गाडी काढून तिच्याबरोबर जात आणि नकार ऐकताना तिच्यापेक्षा जास्त तापत.

अखेर एक छोटा बिल्डर तयार झाला. नकाशातलं क्लब हाऊस रद्द, आणि भाड्याची घरं निम्मीच, या अटीवर. रंजिता दोन दिवस जेवली नाही. मग तिने होकार दिला. हातची गेलेली ती निम्मी घरं तिला आजही सलतात.

पण इमारती उभ्या राहिल्या. कर्जतच्या बाई दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आल्या. त्यांच्या शेजारच्या दारावर वेणूआत्याचं नाव लागलं, खालच्या मोठ्या घरात काका.

सोसायटीची पहिलीच सभा भांडणाने गाजली. गावच्या बायकांनी गच्चीवर सुकटीसाठी जवळा वाळत घातला होता, आणि मुंबईहून आलेल्या चौथ्या मजल्यावरच्यांना तो वास सोसवेना. दोन्हीकडून आवाज चढले. कुणीतरी रंजिताला फोन लावला.

ती आली, चप्पल काढून मधोमध बसली आणि म्हणाली, "गच्ची केवढी आहे ते आधी सगळे वर जाऊन बघू, मग जवळ्याचा कोपरा ठरवू. चला."

कुरकुरत का होईना, सगळे तिच्यामागून जिना चढू लागले.