वेशीचे हत्ती

मित्रांनो, मी गावाची एक जुनी वेस आहे. कमठाण्याच्या वाटेवर तटबंदीचं एक छोटंसं गाव आहे, त्याच्या तोंडाशी मी उभी असते. सुलतान गेले, निजामाचं राज्य आलं, मी आपली तिथंच. येणारा माणूस मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग मोटार आली. हणमंतप्पा ड्रायव्हरनं ती आत घातली आणि तिचा टप माझ्या कमानीला धाडकन आपटला. दोष माझाच ठरला! तहसिलीचे पेशकार श्रीनिवासराव छत्री उगारून म्हणाले, "वेसच ठेंगणी आहे. कमान पाडून टाका."

सोमवारी पाथरवट येणार होते. मी फार घाबरले. अहो, मी ठेंगणी नव्हते! तालुकदारसाहेबांचा दौरा आला की माझ्यापुढे नवा मुरूम पडायचा आणि जुना कुणी काढायचं नाही. अशी मी गुडघ्यापर्यंत गाडली गेले होते. पण दगडाला विचारतो कोण?

रविवारी सकाळी म्हातारी नागूबाई खुरपं घेऊन आली आणि माझ्या पायाशी उकरू लागली. श्रीनिवासराव तिथूनच चालले होते.

"आजी, काय उकरायलाव?"

"हत्ती हुडकायले, रावसाब. म्या नवरी म्हणून आले तवा हितंच हत्तीला कुकू लावलं व्हतं. उद्या नातसून यायलीय. तिनं कुठं लावावं?"

"दगडाचे हत्ती पळून गेले की काय?"

"पळतेत कशाला? तुमच्या मुरमाखाली दबलेत!"

लोक हसले. तेवढ्यात मुरमातून एक सोंड वर आली. मग काय, जो तो फावडं घेऊन धावला. संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हत्ती मोकळे झाले आणि रस्ताही खाली गेला. श्रीनिवासराव कपाळावर हात मारून खो खो हसले, "अरे, वेस कुठली ठेंगणी, रस्ताच वर चढलाय!"

सोमवारी हणमंतप्पाची मोटार माझ्याखालून अलगद आत आली. तिच्यातून नवरी उतरली. तिनं हत्तींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नागूबाईनं डोळे पुसले. मलाही भरून आलं. पाडायला आलेले पाथरवट पुरणपोळी जेवले आणि माझे निखळलेले चिरे बसवून गेले.

मित्रांनो, जुनं काही पाडण्याआधी जरा वाकून त्याच्या पायाशी उकरून बघा. नवा मुरूम टाकायचाच असेल, तर आधी जुना काढा. माझे हत्ती पुन्हा गाडू नका. उद्या तुमच्या घरीही नवरी येईल, तिनं कुंकू कुठं लावावं?