हलता घास

घड्याळवाल्या आबांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते आणि ते आपण बेमालूम लपवलंय, असा आबांचा समज होता. समजच तो. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू चिमट्यानं बसवणारा माणूस दुकान बंद करतो, घरात खिशात हात घालून हिंडतो आणि चहा अर्धाच कप मागतो, तेव्हा घरच्यांना कळायचं ते कळतंच. सुनेला कळलं होतं. तिनं चकार शब्द काढला नव्हता.

सून शाळेत जीवशास्त्र शिकवायची. शाळेच्या टाकीतल्या न्यूट मादीनं घातलेली अंडी फेकून देणार होते, ती हिनं घरी आणून काचेच्या टाकीत ठेवली. न्यूट म्हणजे दिसायला पाल, पण बालपण पाण्यात काढणारी. घरात पाली कमी होत्या का, म्हणत आबांनी नाक मुरडलं आणि दुसऱ्याच दिवशी डोळ्याला भिंग लावून टाकीसमोर ठाण मांडलं. पिल्लं निघाली ती नखाएवढी, मानेशी पिसांसारखे कल्ले. मोठी होता होता ती एकमेकांचे पाय कुरतडायला लागली, तेव्हा प्रत्येकाला वेगळी वाटी द्या, हे आबांनीच सांगितलं. सख्खी भावंडं आहेत, दुसरं काय, असंही वर म्हणाले.

अठरातली पाच जगली. मग त्यांचे कल्ले आखडायला लागले आणि आबांनी घाबरून सुनेला हाक मारली. रोगच हा! सुनेनं समजावलं की आता ही हवेत श्वास घेणार, पाणी उथळ करून बाहेर यायला वाट दिली नाही तर बुडतील. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यातच बुडतो, हे आबांना काही केल्या पटेना. तिनं पिल्लांना उथळ पाण्याच्या डब्यात सोडलं आणि कडेला ओलं शेवाळ आणि झाडाची साल मांडली. एकेक करून पाचही पिल्लं बाहेर चढली, तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

पण बाहेर आली ती अन्नाला शिवेनात. सून गांडुळाचा बारीक तुकडा चिमट्यात धरून तासन् तास बसायची. तिचा हात अगदी स्थिर. पिल्लं त्या तुकड्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. बाराव्या दिवशी एक मेलं, चौदाव्या दिवशी दुसरं. उरलेल्यांच्या फासळ्या दिसत होत्या. आबांनी त्या सकाळी चहाही घेतला नाही.

"काय बिनसलंय गं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"हलत नाही ते त्यांना खाणं वाटतच नाही, आबा. जिवंत किड्यासारखं बारीक, सारखं हलायला हवं. मी हलवायला गेले की हिसका बसतो, पळतात घाबरून."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. आपण कुणाला काय बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती उगाचच डब्याचं झाकण पुसत राहिली.

आबा उठून गेले. रागावले असणार, असंच तिला वाटलं. पण ते परत आले ते कपाटातून दुकानातला जुना चिमटा घेऊन. खुर्ची ओढून बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर उजेडात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते, चांगलेच.

"दे तुकडा."

तुकडा चिमट्यात गेला आणि जिवंत झाला. सगळ्यात अशक्त पिल्लानं मान वळवली. एक पाऊल टाकलं. थांबलं. आबांनी सवयीनं हात आवरायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पिल्लानं झडप घातली आणि डोळे मिटून घास गिळला.

सुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या. आबांनी तिकडे पाहिलं नाही; दुसरा तुकडा मागितला, मग तिसरा. तिन्ही पिल्लं जेवली. मग चिमटा पुसून ठेवत ते म्हणाले, "आता चहा टाक. आणि कप भरून दे. सांडला तर सांडला."