हात हलवायचा नाही

मालनबाईने चहाचा कप खंडेरावच्या उजव्या अंगाला ठेवला आणि भुईमुगाच्या शेंगांची पाटी त्याच्या मांडीशी सरकवली.

"उजव्या हातानं घ्या. डाव्यानं घेतला तर उद्यापासनं चहा बंद. आन् ह्या शेंगा बेण्यासाठी फोडायच्यात."

खंडेराव भिंतीकडे तोंड करून बसला. ऑक्टोबरात, ऐन छाटणीत, द्राक्षाच्या बागेतच त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय लवकर सावरला, पण उजवा हात लोंबत राहिला. वणीच्या आसपास त्याच्यासारखा छाटणीवाला नव्हता. काडीवरचा कुठला डोळा फुटायला ठेवायचा ते त्याचा हातच ठरवायचा. आता तो हात मांडीवर नुसता पडून असायचा आणि हाताचा मालक त्याच्याकडे बघून रडायचा. जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती.

वणीला व्यायाम करून घेणाऱ्या चैताली मॅडम होत्या. त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, "पहिल्या पाच-सहा महिन्यांत जेवढा हलवाल तेवढा हात परत मिळेल. पडून राहिलात तर हातही जाईल आणि मनही." मालनबाईला ते एका दमात कळलं. गावाला कळलं नाही, कारण गावाला सगळं आधीच कळलेलं असतं.

गाव भेटायला यायचं. यायचं, केळी ठेवायची, त्यातलीच दोन सोलून खायची, वारं जाऊन वर्षाच्या आत वर गेलेल्या चार माणसांची नावं घ्यायची आणि उठताना म्हणायचं, "आराम करा, नाना. हलू नका." या माणसांपेक्षा शेण बरं, असं मालनबाईला वाटे. त्याची निदान गोवरी होते.

या सगळ्यांचा म्होरक्या पुंजाराम, तिचा चुलत दीर. याने शेत वाट्याने दिलेलं. सकाळी पार, दुपारी पार, संध्याकाळी खंडेरावची ओसरी. घरापासून ओसरीपर्यंत ऐंशी पावलं, तीही मोटरसायकलवर. उतरल्यावर मिनिटभर धापा टाकायचा आणि मग तब्येतीवर बोलायचा.

"वहिनी, आजारी माणसाकडनं शेंगा फोडून घ्येता? लोक तोंडात शेण घालतील."

"लोकांना म्हणावं, आधी केळी गिळा."

पुंजारामने तिकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "नाना, नीट ऐक. पुढल्या महिन्यात तालुक्याला अपंगाच्या दाखल्यांचं शिबिर हाय. चाळीस टक्के हात गेला म्हणून कागद झाला की दरमहा पगार चालू. मी सगळं जमवलंय. फक्त तवर हात हलवायचा नाय. सुधारला का टक्के कमी होतील!"

मालनबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजी कागदासाठी हात मरू द्यायचा?"

"मेल्यातच जमा हाय ना, वहिनी."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! तुमच्या दोन्ही हातांनी आजवर काय उजेड पाडला, भाऊजी? तुम्हाला तर शंभर टक्क्यांचा दाखला पाह्यजे."

पण खंडेरावने मान डोलावली. डोलावणारच. पडून राहायला त्याला आता सरकारी कारण मिळालं होतं. त्याने हात शालीत गुंडाळला आणि शेंगांची पाटी पायाने दूर सारली. मालनबाईला त्याची दया यायची ती त्या घडीला आटली. तीस वर्षं हा माणूस पहाटे उठून बागेत गेला, आणि आज एका ऐतखाऊच्या शब्दावर लाकूड व्हायला तयार झाला.

आठ दिवस तिने शेंगांची पाटी पुन्हा पुढे केली नाही. नवव्या दिवशी ओसरीत पाच-सहा माणसं भेटायला बसली असताना तिने ताट आणलं. खंडेरावच्या गळ्यात फडकं बांधलं, भाकरी कालवली आणि सगळ्यांदेखत घास त्याच्या तोंडाला लावला.

"आगं, माझा डावा हात हाय की!"

"त्याला तरी कशाला तरास? आ करा."

पुंजाराम खूश झाला. "आत्ता कशी शानी झाली वहिनी! अशी सेवा पाह्यजे."

खंडेरावच्या हनुवटीवरून आमटी ओघळली. मालनबाईने पदराने तोंड पुसलं, नाकसुद्धा पुसलं. कुणीतरी फिसकन हसलं. खंडेराव लाल झाला.

"मी काय लहान पोर हाय का?"

"नाय. पोरगं आज ना उद्या हात हलवंल. तुमचा मेलाय. भाऊजींनी सांगितलंय."

खंडेरावने ताट डाव्या हाताने लोटून दिलं. लोक केळी न खाता उठले, हे त्या ओसरीवर पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यातून आली तेव्हा आतून आवाज आला. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कट्. दाराच्या फटीतून तिने पाहिलं. खंडेराव उजव्या हाताच्या दोन बोटांत शेंग धरून दात-ओठ खात दाबत होता. कपाळावर घाम होता आणि तोंडात पुंजारामच्या नावाने शिव्या. मालनबाईला रडू फुटलं. ती परत गोठ्यात गेली आणि गाईच्या पाठीवर डोकं टेकून पोटभर रडली.

त्यानंतर खोलीत शेंगा, भिंतीवर बोटं चढवणं, दुपारी बागेच्या बांधावरून चार फेऱ्या. भूक लागायला लागली. झोप लागायला लागली. भाजीत मीठ कमी म्हणून तो भांडलासुद्धा, आणि मालनबाईला ते भांडण फार गोड लागलं. पुंजाराम आला की मात्र हात शालीत.

शिबिराच्या दिवशी पुंजाराम नवी टोपी घालून आला. डॉक्टर म्हणाले, "बाबा, जमेल तेवढा हात वर करा." मागून पुंजाराम डोळे मिचकावत होता. खंडेरावने शाल काढली. हात थरथरत खांद्यापर्यंत गेला, तिथे अडला, मग कानापर्यंत पोचला. डॉक्टरांनी आपली बोटं धरायला दिली, तर ती त्याने अशी आवळली की डॉक्टरच म्हणाले, "सोडा बाबा, सोडा. तुम्हाला दाखला मिळणार नाही. व्यायाम मात्र थांबवू नका."

पुंजाराम बाहेर येऊन बाकावर कोसळला. "वाटोळं केलंस, नाना! एक महिना गप पडला असतास तर काय झालं असतं?"

मालनबाई समोरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आली. खंडेरावने पुडा डाव्या हातात घेतला आणि उजव्याने येईल-जाईल त्याला पेढा देऊ लागला. दोन खाली पडले, तरी थांबला नाही.

"नापास झाल्याचे पेढे असतात का कुठं?" पुंजाराम करवादला, आणि बसल्या जागेवरूनच त्याने हात पसरला.

खंडेरावने पेढा उचलला आणि हात पुन्हा कानापर्यंत नेऊन तिथेच धरला.

"उठून घे."

पुंजारामला उठायला तीन हिसके लागले.