बावीस भुतांची जाकिटं

सरणावरून उठलेले बावीस खासदार संसदेत शिरतात आणि हात वर करून सरकार पाडतात, अशी त्या भुताच्या सिनेमाची गोष्ट. कालिंदीबाईंना ती भिकार वाटली. पण कोल्हापुरातल्या स्टुडिओत चाळीस वर्षं कपडे शिवूनही त्यांचं नाव एकदाही पडद्यावर आलं नव्हतं. दिग्दर्शक त्र्यंबकनं या वेळी पडद्यावर त्यांच्या एकटीच्या नावाची अख्खी पाटी कबूल केली, म्हणून त्या मशीनवर बसल्या.

पैसा कोडोलीचे पुढारी गणपतराव यांचा. भुतांच्या गळ्यात आपल्या विरोधी पक्षाच्या रंगाची उपरणी पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. नव्याण्णवच्या एप्रिलात दिल्लीतलं सरकार खरोखरच एका मतानं पडलं आणि आठवड्यात गणपतरावांनी पक्ष बदलला. बाईंनी उपरणी रंगवली. जूनमध्ये ते जुन्या पक्षात परत फिरले. बाईंनी परत रंगवली. एके काळी इथं राजाच्या फेट्यासाठी दोन दोन दिवस शूटिंग थांबायचं. आता असल्या माणसापायी हात कोपरापर्यंत रंगत होते.

ऑगस्टात गणपतराव म्हणाले, "निवडणूक होऊ द्या की. भुतं कुणाची, ते निकाल बघून ठरवू."

"आणि सिनेमा?"

"ऱ्हाऊ दे पडून."

सिनेमा पडून राहिला तर पाटीही गेलीच. बाईंनी टेप काढला. "उपरणीच नकोत. भुतांना तुमच्यासारखी जाकिटं घालू. हात वर करा."

गणपतराव फुगले. "व्हय की! असला रुबाब दिल्लीत तरी कुणाचा हाय?"

बावीस जाकिटं त्यांच्याच मापानं शिवली, पोटासकट.

दिवाळीत सिनेमा लागला. सुरुवातीलाच पाटी आली : 'वेशभूषा – गणपतराव'.

त्र्यंबक खाली मान घालून पुटपुटला, "त्यांना कपडे फारच आवडले, बाई."

बाई उठल्या. वाट चाचपडत, लोकांचे गुडघे ओलांडत दारापर्यंत पोचल्या, तोवर पडद्यावर भुतं चालू लागली. कुणीतरी पुढून ओरडलं, "आरं, ही समदी गणपतरावच की!"

"आता कुठल्या पक्षात, पावणं?"

शिट्ट्या, हशा, खुर्च्यांचा खडखडाट. बाल्कनीत गणपतराव उभे राहिले आणि चारी दिशांना हात जोडू लागले.

बाई परत येऊन बसल्या.

"उद्याच्या उद्या पाटी बदलून घेतो," त्र्यंबक म्हणाला.

"हात लावशील तर बघ. ज्याचं त्यालाच नाव लागलंय."