डायरेक्ट केलेला खांब

मी एक जुना खांब आहे. दिव्याचा नव्हे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांना वीज पाजणारा. मित्रांनो, माझं खरं वय सहा वर्षं, पण अंगावरचे डाग पाहिलेत तर तुम्ही साठ म्हणाल. आत्ता माझ्या डोक्यावर कोणाचा तरी अर्धा पेला कॉफी कालपासून आंबते आहे. तिच्यात एक माशी मेली आहे, दुसरी मरायच्या बेतात आहे. तेव्हा गोष्ट सांगताना मला मधूनच शिसारी आली, तर समजून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रा कापून वाकवला, हिरवा रंग फवारला आणि भट्टीत भाजला. एका कुशीला जाड काळी केबल लावली, ती गुंडाळून ठेवायला आकडा लावला. शहरात असे एकशेवीस खांब उभारायचे आणि ते सगळ्यांना फुकट वापरू द्यायचे, असं एका अभियंता बाईंनी मनावर घेतलं होतं. सभेत त्यांना कोणीतरी विचारलं, "फुकट कशाला?" त्या म्हणाल्या, "रस्त्यावरच्या दिव्याखालून चालताना तुम्ही कधी तिकीट काढलंय का?" सभा हसली आणि हसता हसता मंजुरी मिळाली.

सात नंबरची जागा माझ्या वाट्याला आली. समोर शिवणकामाचं दुकान, बाजूला झाड, रस्त्याला थोडा उतार. मला उभं केलं ते एका मिस्त्रीने. त्याने माझ्या पोटाचं दार उघडून आत एक लहानसा स्विच बसवला आणि त्यावर थोपटलं. "हा पहारेकरी," तो म्हणाला. वीज नको तिथे केसभर जरी झिरपली, ओल्या जमिनीत किंवा कोणाच्या अंगात, तर हा पहारेकरी टक् करून सगळा प्रवाह तोडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

दर सोमवारी सकाळी मिस्त्री यायचा. दार उघडून विचारायचा, "काय रे, जागा आहेस का?" मग तपासणीचं बटण दाबायचा. टक्. "जागा आहेस." दाराच्या आत चिकटवलेल्या कार्डावर तारीख लिहायचा, केबल आकड्यावर नीट गुंडाळायचा आणि फडक्याने माझं तोंड पुसून पुढच्या खांबाकडे जायचा.

ते दिवस कौतुकाचे होते. शाळेची मुलं मला पाहायला आली. एक नर्सबाई रोज दुपारी त्यांची छोटी राखाडी गाडी आणायच्या. त्या घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची वजनं करायच्या आणि वजनाचा काटा मागच्या सीटवर पट्टा लावून बसवायच्या. समोरच्या शिंपीणबाई मशीन थांबवून म्हणायच्या, "बाळं सोडा, काट्याचाच जास्त लाड आहे तुमच्याकडे."

पुढे खांब एकशेवीसचे तीनशे झाले. फिती कापल्या गेल्या, फोटो निघाले. मिस्त्री मात्र एकच राहिला. सोमवारचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं, आणि मग तो यायचाच बंद झाला. खांब उभारायला सगळे होते, पण उभ्या राहिलेल्या खांबाकडे पाहायचं काम कोणाचं, हे ठरवायचंच राहून गेलं होतं.

आणि मग, मित्रांनो, माझ्या अंगावर जे जे आलं ते सांगायलासुद्धा लाज वाटते. चघळून झालेलं च्युइंगगम माझ्या गालावर. नाक शिंकरलेले कागद प्लगच्या खोबणीत. एकदा एका सुटाबुटातल्या बाईने बाळाचा घाण झालेला लंगोट गुंडाळी करून आकड्याला अडकवला आणि हात झटकून निघून गेली. पोटावर तक्रारीसाठी फोन नंबर होता, त्यावर शिकवण्या, केशवर्धक तेल आणि हरवलेली मांजर यांच्या जाहिराती एकावर एक चढल्या. शिवाय एक तपकिरी कुत्रा होता. रोज सकाळी येऊन माझ्या पायावर तंगडी वर करायचा, अगदी घड्याळ लावल्यासारखा. मला त्याची अशी किळस यायची की मी दिवस उजाडायलाच घाबरायचो.

पण कुत्र्याचं सोडा, त्याला शाळेत कोणी घातलं नव्हतं. खरी मळमळ व्हायची ती चकचकीत साहेबांमुळे. नाव त्यांना गल्लीने ठेवलेलं. सकाळी आठला ते आपली पांढरीशुभ्र गाडी मला जोडायचे. दहापर्यंत ती भरायची, पण सावली छान म्हणून संध्याकाळपर्यंत हलायची नाही. नर्सबाई येऊन ताटकळायच्या.

"साहेब, गाडी भरलीय तुमची. काढता का? मला तीन घरं आहेत अजून."

"अहो, फुकट आहे म्हणजे सगळ्यांचं आहे ना?" ते गाडीच्या आरशात दात पाहत म्हणायचे. "मग सगळ्यांत मी नाही का येत?"

जाताना केबल उचलून आकड्यावर टाकायला ते कधी वाकायचे नाहीत. ती जमिनीवर पडायची, आणि ते तिच्यावरूनच गाडी न्यायचे. रोज त्याच जागी तेच चाक. हळूहळू केबलची कातडी सोलवटली.

त्यांना आणखी एक सवय होती. गाडी मला जोडलेली असतानाच ते बादल्या ओतून तिला धुवायचे. पाणी उताराने वाहत केबलखालून जायचं. एक दिवस सोललेल्या जागी पाणी पोचलं आणि माझा पहारेकरी जागा झाला. टक्. त्यांनी पुन्हा चालू केलं. टक्. आठवडाभर हेच. तेव्हा ते ओळखीचा एक वायरमन घेऊन आले. त्याने दार उचकटलं, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून आत डोकावला.

"हा स्विच फार नाजूक आहे, साहेब. डायरेक्ट करून टाकतो."

म्हणजे काय केलं, माहीत आहे? बोटभर तारेचा तुकडा पहारेकऱ्याच्या या बाजूकडून त्या बाजूला जोडला. आता वीज त्याला न विचारता त्याच्या शेजारून जाणार. त्याने कितीही टक् केलं तरी ऐकणार कोण?

शिंपीणबाई दारात उभ्या होत्या. कडेवर त्यांची दोन वर्षांची मुलगी ढमी. "अहो, पण बंद का पडत होतं ते पाहिलंत का?"

"वहिनी, चालू झालं ना? मग झालं तर."

गल्लीने वायरमनची पाठ थोपटली. नर्सबाईंनीसुद्धा आभार मानले. माझ्या कपाळावर कागद लागला: "खांब दुरुस्त झाला आहे." दुरुस्त! घाण तर माझ्या अंगावर रोजच पडायची, पण ही माझ्या आत घातलेली होती.

आता ढमीचं सांगतो. तिला दुकानातली मोठी बटणं पाण्यात सोडायचं वेड. चकचकीत साहेबांच्या बादल्या रिकाम्या झाल्या की रस्त्याकडेने ओहोळ लागायचा आणि ढमी पायरीवरून उतरून त्यात बटण सोडायची. बटण कुठे जाऊन थांबायचं? बरोबर माझ्या केबलपाशी, डबक्यात. शिंपीणबाईंनी कापडावर खुणा करायच्या खडूने पायरीपुढे रेघ ओढून ठेवली होती. "ढमे, रेघेच्या पलीकडे जायचं नाही." ती गाड्यांच्या भीतीने. डबक्यात काय आहे, ते मलाच माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

कळलं ते कुत्र्यामुळे. एके सकाळी तो नेहमीसारखा आला, डबक्यात पाय ठेवला आणि असा केकाटला की शिंपीणबाईंची सुई बोटात घुसली. दुसऱ्या दिवशी तो आला, पण दहा पावलांवर थांबला. अंगावरचे केस उभे. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीकडे गेला. तिसऱ्या दिवशीही तसंच. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण शिंपीणबाईंना सगळं दिसायचं. मूल लहान असलं की आईला दाराची फट दिसते, टेबलाचा कोपरा दिसतो, न आलेला कुत्राही दिसतो.

"साहेब, गाडी काढा. या पाण्यात काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"कुत्र्याने जागा बदलली म्हणून मी गाडी काढू?" साहेबांनी हसत दुसरी बादली ओतली. "उलट बरंच झालं म्हणा. वास कमी झाला."

शिंपीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. लाकडी स्टूल आणलं, कोरड्या बाजूला ठेवून त्यावर चढल्या आणि मापाच्या लाकडी पट्टीने माझ्या पोटावरच्या जाहिराती खरवडू लागल्या. आधी मांजर गेली, मग तेल, मग शिकवण्या. खाली नंबर निघाला. त्या मोठ्याने वाचत फोनवर आकडे दाबत होत्या, "आठ, दोन, दोन..." आणि त्याच वेळी ढमीचं लाल बटण रेघ ओलांडून वाहत निघालं. त्याच्या मागे ढमी.

मी पाहत होतो. माझ्या पोटात पहारेकरी होता, धडधाकट होता, आणि शेजारून वीज वाहत होती. चार पावलं. तीन. तिने वाकून हात पुढे केला.

फोन रस्त्यावर आपटला. शिंपीणबाईंनी स्टुलावरूनच झेप घेऊन ढमीचा फ्रॉक पाठीमागून पकडला. टाके कराकरा वाजले, पण दुहेरी शिवण होती, टिकली. ढमी हवेत लोंबकळत रडत होती, "माझं बटण, माझं बटण." तिची आई तिला पायरीवर घेऊन बसली आणि बराच वेळ तिची बोटं एकेक करून मोजत राहिली.

"एवढं काय झालं?" साहेब म्हणाले.

शिंपीणबाईंनी फोन उचलून उरलेले आकडे दाबले. तासाभरात मिस्त्री आला. तोच, पण केस पिकलेले. त्याने वीज तोडली, दार उघडलं आणि त्या तारेच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे कोणी केलं?"

साहेबांनी झाडाकडे पाहिलं. ज्यांनी पाठ थोपटली होती त्यांनी चपलांकडे पाहिलं. "आधीपासूनच तसं होतं बहुतेक," कोणीतरी पुटपुटलं. मित्रांनो, च्युइंगगम, लंगोट, सगळं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. यापेक्षा घाण माझ्यावर कधी पडली नाही.

नर्सबाई तेवढ्या पुढे आल्या. "मी आभार मानले होते त्याचे," त्या म्हणाल्या. "काय केलं ते विचारलं नाही."

मिस्त्रीने दारावरचं कार्ड पाहिलं. शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची, त्याच्याच अक्षरात. "मीही विचारलं नाही," तो म्हणाला.

मी तीन आठवडे बंद होतो. "त्या शिंपिणीने बंद पाडला," असं लोक तिच्याच दुकानासमोर उभे राहून बोलायचे. मग नवी केबल आली, नवा पहारेकरी आला. मिस्त्रीने बटण दाबलं. टक्. जुन्या तारेचा तुकडा त्याने खिशात घातला, फेकला नाही.

मित्रांनो, जे फुकट मिळतं ते कोणाचंच नसतं, असं समजू नका. केबल आकड्यावर टाका. गाडी भरली की जागा सोडा. आणि एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर ती चालू करणाऱ्याची पाठ थोपटण्याआधी ती का बंद पडते तेवढं विचारा. कदाचित ती तुमच्यासाठीच बंद पडत असेल.

नवा पहारेकरी बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी कुत्रा आला. दहा पावलांवर थांबला. हुंगलं. एक पाऊल पुढे, पुन्हा हुंगलं. मग अगदी जवळ येऊन त्याने माझ्या पायावर तंगडी वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मला किळस आली नाही.

शिंपीणबाई पायरीवरून पाहत होत्या. त्यांनी मान हलवली, मशीनवरचा खडू उचलला आणि कालची पुसट झालेली रेघ पुन्हा ठळक ओढली. माझ्यापासून एक हात आणखी लांब.